कोंबडीसाठी कोलकाता

कोलकात्याला जाण्याची कारणं मी चार जणांना चार वेगळी सांगितली. ऑफिसात सांगितलं, मेहुण्याकडे कार्य आहे. मेहुण्याला सांगितलं, ऑफिसचं काम निघालंय. शेजाऱ्यांना सांगितलं, गंगास्नान. आणि बायकोला, म्हणजे वैशालीला, सांगितलं की आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, तू किती दिवस हावडा ब्रिज, हावडा ब्रिज करतेस, चल एकदा. शेवटचं कारण तिनं इतकं मनावर घेतलं की नवी बॅग आणली, चाकांची. त्या बॅगेकडे बघून मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

खरं कारण एक कोंबडी होती.

मी मुळात कमी बोलणारा माणूस, म्हणून सांगलीत लोक मला सरळमार्गी समजतात. माझा छंदही मुकाच आहे, पोस्टाची तिकिटं. त्यातही अंतराळाची, आणि त्यातही अंतराळात पाठवलेल्या प्राण्यांची. रुमानियाची कुत्री माझ्याकडे आहे. माकडं भरपूर आहेत. आखाती वाळवंटातल्या लहान लहान अमिरातींनी एके काळी अंतराळाची इतकी तिकिटं छापली की तिथल्या माणसांपेक्षा माकडंच जास्त झाली असावीत. फ्रेंचांनी पाठवलेली मांजर आहे, रशियाचं कासव आहे. नव्हती ती कोंबडी.

इंग्रजांच्या काळात बंगालमधल्या एका हौशी गृहस्थानं रॉकेटमधून टपाल पाठवण्याचे प्रयोग केले होते. त्यातल्या एका रॉकेटात त्यानं पत्रांबरोबर एक कोंबडा आणि एक कोंबडी बसवली आणि नदीपलीकडे उडवली. या टपालातलं एखादं पाकीट आपल्याकडे असावं ही माझी बऱ्याच वर्षांची तहान. आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर यावरून भांडणंही झालीत. रॉकेट अंतराळात गेलंच नव्हतं, तेव्हा ही कोंबडी धरायची का? एका गृहस्थांनी 'मग दिवाळीतला बाणही धरा' असं लिहून ग्रुप सोडला. मी काही लिहिलं नाही. मनातून मात्र मी कोंबडीच्या बाजूनं होतो.

आणखी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. तिकीट वेगळं आणि कव्हर वेगळं. कव्हर म्हणजे अख्खं पाकीट, तिकिटासकट, शिक्क्यासकट, पत्त्यासकट, जसं आलं तसं. त्याचं तिकीट सोडवलं की कव्हर मेलं. घरी फक्त तिकिटं ठाऊक आहेत. दर रविवारी ओळखीपाळखीच्यांनी दिलेली पाकिटं मी कोमट पाण्यात भिजत घालतो, तिकिटं सुटली की वर्तमानपत्रावर वाळवतो आणि कागद फेकून देतो. वैशाली हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते. तिच्या हाताला घाई नाही. पण दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून आल्बम तिच्या पायावर पडला, तेव्हा 'आता नवीन काही आणणार नाही' असा शब्द मी दिला होता. त्यानंतर मी कव्हरं जमवायला लागलो. ती ऑफिसच्या खणात असतात. त्यामुळे कव्हर नावाची गोष्ट असते हेच वैशालीला माहीत नव्हतं.

डमडम

आमचं गेस्ट हाऊस डमडमला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ. खोलीत दोन पलंग, एक खिडकी आणि एक विजेची किटली. किटली पाहून वैशाली हरखली. "बघा, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नवरा मला चहा करून देणार."

मी केला. तो सांडला. मग आम्ही खाली टपरीवर गेलो.

टपरीवरचा चहा मातीच्या पेल्यात. पिऊन झाला की पेला कोपऱ्यात भिरकावून द्यायचा अशी रीत. शेजारचा माणूस बोलता बोलता पेला असा फेकत होता, की जणू आयुष्यात त्यानं काही जपून ठेवलंच नव्हतं. सांगलीच्या माणसाला हे जमत नाही. मी आमचे दोन्ही पेले धुऊन रुमालात गुंडाळले. संध्याकाळी आणखी दोन आले. वैशाली म्हणाली, "कुंभाराकडून माणूस येईल हो तुम्हाला शोधत."

त्या दिवशी मी तिला हावडा ब्रिज दाखवला. ती कठड्याशी उभी राहून नदीकडे बघत होती आणि मी, नदी ओलांडायला कोंबडीला किती वेळ लागला असेल, याचा विचार करत होतो. "काय विचार करताय?" तिनं विचारलं. "आपलं लग्न आठवलं," मी म्हणालो. तिनं माझा हात धरला. हे खोटं सगळ्यात जड गेलं.

बागबाजार

पाकीट होतं बागबाजारात कुमुदताईंकडे. घराणं मराठी, पण तीन पिढ्या कोलकात्यातच. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या. सासऱ्यांनी घेतलेलं ते पाकीट त्यांच्या कपाटात होतं. फोनवर म्हणाल्या होत्या, "विकायचं नाही मला. माणूस बघून देईन." मला तेवढंच पुरेसं होतं. वैशालीला मी सांगितलं, की कुमुदताई माझ्या आत्याच्या मैत्रीण. आत्या वारून बरीच वर्षं झाली, तेव्हा तिकडून धोका नव्हता.

दार उघडून कुमुदताई मोठ्यानं म्हणाल्या, "या, या! कोंबडीवाले ना?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

"आत्याकडे कोंबड्या होत्या," मी म्हणालो.

"आत्यांकडे?" वैशाली म्हणाली. "अहो, त्या सोवळ्यातल्या. घरात कांदा चालत नव्हता त्यांना."

"अंड्यांसाठी नव्हत्या. सोबतीला होत्या."

कुमुदताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाकडे बाई बघतात तसं. मग शांतपणे म्हणाल्या, "हो हो. फार माया होती कोंबड्यांवर. नावं ठेवली होती एकेकीला. त्या लाडकीचं नाव काय हो?"

"सुमन," माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुमन माझ्या आईचं नाव आहे," वैशाली म्हणाली.

त्यानंतर मी बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो.

दोघींचं मात्र जमलं. कुमुदताईंचं मराठी अगदी आपल्यासारखं, फक्त खूप दिवस घडी घालून ठेवलेल्या पातळासारखं. बोलायला माणूस मिळत नाही म्हणाल्या; मुलगा कामावर हिंदी-इंग्रजी बोलतो, घरी बंगाली. "इथेच जवळून तो खंदक जायचा बरं का," त्या वैशालीला सांगत होत्या. "मराठे येतील म्हणून भीतीनं खणलेला. पुढे बुजवला. अजून इथली पोरं झोपेनात की त्यांना आपली भीती घालतात. आणि आपण आलो की बघ, ताटभर संदेश!"

खंदक बुजवायला नको होता असं मला वाटून गेलं. लुटायला आलेला एक मराठा त्याच क्षणी खिशात तिकिटांचा चिमटा घेऊन त्यांच्या सोफ्यावर बसला होता.

आपल्याकडे पाहुणा आला की 'जेवून जा' हे निघताना म्हणतात. इथे आल्या आल्याच विचारतात, आणि विचारतात ते आपलं नुसतं म्हणून. स्वयंपाक झालेलाच असतो. ताईंची सून शर्मिला बंगाली. ती पदराला हात पुसत आली. "दादा, मुर्गी चोलबे तो?"

मी दचकलो. "कौनसी?"

"कौनसी माने?" ती गोंधळली. "मुर्गी. झोल."

ज्या पक्ष्यासाठी एवढ्या लांब आलो त्याच पक्ष्याचा रस्सा भाताबरोबर पुढे आला. बटाटा केवढा मोठा! आपल्याकडे रश्श्यात बटाटा टाकला तर यजमानानं चिकन वाचवलं म्हणतील; इथे बटाटा नसला तर यजमानाची नाचक्की. वैशालीनं दोनदा भात घेतला. माझ्या घशाखाली तो उतरताना रॉकेटातली ती सारखी डोळ्यांपुढे येत होती. पण चव उत्तम होती, हेही कबूल करतो.

जेवण झाल्यावर ताईंनी मला शर्मिलाबरोबर दही आणायला पिटाळलं. गोड दही, मातीच्या मडक्यात. आम्ही परत आलो तर दोघी हसत होत्या आणि मला बघताच गप्प झाल्या. निघताना मी हळूच विचारलं, "ताई, ते पाकीट?"

"उद्या फोन करा," ताई म्हणाल्या. "माणूस बघतेय मी."

दह्याचं रिकामं मडकंही मी मागून घेतलं.

बजबज

दुसऱ्या दिवशी सकाळी गेस्ट हाऊसच्या जिन्यात उभा राहून मी फोन लावला.

"दिलं हो मी ते," कुमुदताई म्हणाल्या. "कालच."

"कुणाला?"

"योग्य माणसाला."

मी पायरीवर बसलो. आम्ही गेल्यावर संध्याकाळी दुसरा कुणी येऊन घेऊन गेला, अशी माझी खात्री झाली. सरळ बोलणारा असणार. कदाचित त्याची आत्याही खरी असेल. मी ग्रुपवर लिहिलं, 'कोलकात्यात आणखी कुणाकडे कोंबडी आहे का?' तासाभरात उत्तर आलं, की बजबजला एक विश्वासबाबू आहेत, त्यांच्याकडे पक्ष्यांचं पुष्कळ काही आहे, विचारून बघा.

"माझं पोट बिघडलंय," मी वैशालीला म्हणालो. "कालची कोंबडी बाधली. औषध घेऊन येतो."

मला वाटलं, बरोबर येते म्हणेल. पण ती एकदम उत्साहानं म्हणाली, "जा, जा. सावकाश या. काही घाई नाही." किती समजूतदार, असं वाटून मला आणखी अपराधी वाटलं.

बजबज शहराच्या दक्षिणेला, नदीकाठी. एका बाजूला ताग गिरण्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला तेलाच्या भल्यामोठ्या टाक्या. स्टेशनवर उतरतोय तोच वैशालीचा फोन.

"मिळालं का औषध?"

"रांग आहे." मागे लोकलनं भोंगा दिला.

"औषधाच्या दुकानात गाडी?"

"फाटकाजवळचं दुकान आहे."

"बरं. लिंबूपाणी प्या."

विश्वासबाबू माणूस लाखातला. त्यांनी मला बसवलं, लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी मागवली आणि आल्बमवर आल्बम काढले. सगळे कोंबडे. पोर्तुगालचे कोंबडे, फ्रान्सचे कोंबडे, चिनी कोंबडावर्षाची पाकिटंच्या पाकिटं. प्रत्येक पानाला मी आशेनं विचारायचो, "रॉकेट?" आणि ते तितक्याच प्रेमानं सांगायचे, "ना दादा, रॉकेट नेई. किंतु देखुन, की शुंदोर मोरोग!" कोंबडे खरंच सुंदर होते. पण सगळे जमिनीवर उभे. एकालाही कुणी कुठे पाठवलं नव्हतं. पोट बिघडलेल्या माणसानं चार लुच्या खाल्ल्या आणि तो रिकाम्या हातानं परत निघाला.

पुन्हा डमडम

खोलीचं दार वैशालीनं अर्धवटच उघडलं. "डोळे मिटा."

मी मिटले. तिनं मला खांदे धरून पलंगापाशी नेलं. "आता उघडा. लग्नाच्या वाढदिवसाची भेट. आपल्याकडून. म्हणजे कुमुदताईंकडून, पण माझ्याकडून."

पलंगावर बंगाली वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर चार कोपऱ्यांना माझे चार मातीचे पेले वजन म्हणून ठेवलेले. मधोमध, नुकतं वाळायला लागलेलं, रॉकेटचं चित्र असलेलं, तिकिटासारखं एक लेबल.

"काल तुम्ही दह्याला गेलात तेव्हा ताईंनी मला पाकीट दिलं," ती सांगत होती. "म्हणाल्या, तिकिटवाल्या माणसाला आवडेल, तू दे. मी म्हटलं पाकीट कसं द्यायचं, नीट सोडवूनच देऊ. किटलीत पाणी कोमट केलं, दह्याच्या मडक्यात भिजत घातलं. फार चिवट डिंक हो, दोनदा पाणी बदललं. पण बघा, एक दात तुटला नाही!"

खरंच, लेबलाच्या कडेचा एकही दात तुटला नव्हता. इतकं स्वच्छ सोडवलेलं मी आजवर पाहिलं नाही.

"आणि पाकीट?" मी विचारलं.

"ते काय, कचऱ्यात."

मी बादलीपाशी गुडघे टेकले. चहाच्या पिशव्यांखाली ते होतं. पत्ता वाहून गेला होता, उडवणाऱ्या गृहस्थाची सही जांभळा ढग होऊन पसरली होती. माझ्या तोंडून एक आवाज निघाला. रॉकेटची वात पेटवली तेव्हा आतल्या कोंबडीनं साधारण तसाच काढला असेल.

"अहो, पोटात दुखतंय का?"

"पोट ठणठणीत आहे," मी म्हणालो. आणि मग बादलीशेजारी बसूनच सगळं सांगितलं. उलट्या क्रमानं सांगितलं, कारण एक काढलं की त्याखालचं निघायचं. औषधाचं दुकान म्हणजे बजबज. आत्याकडे कोंबड्या नव्हत्या. आत्या कुमुदताईंना ओळखत नव्हती. ऑफिसच्या खणात फायली नाहीत, कव्हरं आहेत. पुलावर मला लग्न आठवलं नव्हतं. आणि हा प्रवास वाढदिवसाचा नव्हता.

वैशाली पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. तिचे हात अजून ओले होते.

"म्हणजे आपण इथे कोंबडीसाठी आलो," ती म्हणाली.

"हो."

"मला बॅग घ्यायला लावलीत."

"हो."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. एवढी वर्षं मला वाटत होतं, की सांगितलं की भांडण होईल, म्हणून सांगू नये. भांडण झालं असतं तर बरं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

"वाचली का ती?" तिनं विचारलं.

"कोण?"

"कोंबडी. रॉकेटातली."

"वाचली. दोघंही वाचले. कोंबडाही होता बरोबर."

"कुठे चाललोय ते तिला कुणी सांगितलं होतं?"

"नसावं," मी म्हणालो.

"कोंबड्याला माहीत असणार," वैशाली म्हणाली. आणि मग तिला हसू फुटलं. रागाचं होतं, पण हसूच होतं. "सुमन! माझ्या आईचं नाव ठेवलंत कोंबडीला!"

मोठं टपाल ऑफिस

सकाळी कुमुदताईंना फोन करून वैशालीनं पाकीट भिजवल्याचं मी सांगितलं. "जन्मभर वर्गात उभी राहिले," त्या म्हणाल्या, "खोटं बोलणारा दारातच ओळखते. पण पाकीट भिजवणारी काही ओळखता आली नाही. ठेवा आता तसंच. दिलंय ते योग्य माणसालाच."

वैशालीनं ऐकून घेतलं आणि कामाला लागली. पाकीट रात्रभर गादीखाली दाबून सपाट केलं होतं. चहाचे डाग गेले नव्हते. खालच्या खानावळीतून तिनं मऊ भात आणला, पेल्यात घोटून खळ केली आणि लेबल चिकटवलं. उलटं. रॉकेटचं नाक खाली.

"उलटं लागलं," मी म्हणालो.

"उलटं नाही. परत यायचं नाही का तिनं? वर गेलेलं तेवढं जमवता तुम्ही लोक."

मग आम्ही मोठ्या टपाल ऑफिसात गेलो. तिथे छंदिष्टांची वेगळी खिडकी असते, चित्राचा शिक्का मारून देतात. अशा खिडकीवर आमची जमात काय काय अजिजी करते! साहेब हलक्या हातानं, साहेब शाई बेताची, साहेब कोपऱ्यात, जरा सरळ. मी तोंड उघडणार एवढ्यात वैशालीनं पाकिटावर नवं तिकीट लावलं, पेनानं ठसठशीत पत्ता घातला आणि खिडकीतून आत सरकवलं.

"भैया, जोर से मारना."

आतल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "जोर से?"

"खूब जोर से. पच्चीस साल का है."

त्यांनी हात वर नेला आणि असा हाणला की शेजारच्या खिडकीतले लोक वळून बघायला लागले. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पाकीट पेटीत पडलेलं होतं आणि वैशाली म्हणत होती, "चला, आता मला पूल दाखवा. परवा तुम्ही नव्हताच तिथे."

आम्ही पुलावर गेलो. तिनं विचारलं, काय विचार करताय. मी म्हटलं, ते पाकीट मिरजेला चुकून दुसऱ्या गाडीत तर टाकणार नाहीत ना. ती म्हणाली, "हं. आता बरं वाटलं."

घरी आल्यावर काही दिवसांनी पोस्टमन पाकीट देऊन गेला. खळ धरली होती, शिक्का अर्धा रॉकेटवर, अर्धा चहाच्या डागावर. बाजारात त्याला आता कुणी हात लावणार नाही. मी घाईनं हात पुढे केला तर वैशालीनं पत्ता दाखवला. पत्ता घरचा, नाव तिचं. फक्त तिचं. दुसऱ्याच्या नावचं टपाल उघडू नये एवढं मलाही कळतं.

आता ते तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीत असतं. माझी ऑफिसातली कव्हरं घरी आली, माळ्यावर चढली, त्यावर ती काही बोलली नाही. पण या एका पाकिटासाठी मला विचारावं लागतं, आणि 'सहज' म्हटलेलं तिला चालत नाही. परवाच्या रविवारी विचारलं.

"काय हवंय?"

"कोंबडी बघायची आहे."

"हात धुतलेत?"

"धुतले."

ती कपाटाला पाठ लावून नुसती उभी राहिली.

मी उठलो आणि हात धुऊन आलो.